देवीला निघालेली केळी

१७ नोव्हेंबर, बऱ्हाणपूर

सकाळी पायात बूट चढवतो तोच शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "कुठं निघाली स्वारी?" झालं. आईने मला परत आत घेतलं, पाटावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि मग सोडलं. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारलं की काम फिसकटतं, हे तिचं जुनं शास्त्र. मी म्हटलं, आई, मी आता पदव्युत्तर शिकतोय. म्हणाली, "मग पदव्युत्तर पाणी पी."

त्यामुळे नाक्यावर पहिल्याच दिवशी उशीर. फोपनार रस्त्याच्या तोंडाशी टेबल, दोन स्टुलं, लाल निशाण, 'यातायात गणना' अशी पाटी. गाड्या थांबवायच्या, तीन प्रश्न विचारायचे, लिहायचं, सोडायचं. राजधानी याच महिन्यात नागपूरहून भोपाळला गेली, म्हणून फॉर्म यंदा भोपाळहून छापून आलेत: कहाँ से, कहाँ तक, क्या माल. बांधकाम ऑफिसात अजून अर्धे लोक सवयीने 'नागपूरला कळवतो' म्हणतात आणि जीभ चावतात.

ऑफिसला एकच रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बांधायची परवानगी मिळणार आहे. फोपनारच्या नाल्यावर बांधायचा की खकनारच्या? ज्या रस्त्यावर मालाची वाहतूक जास्त, त्याच्यावर. आणि ती कुठे जास्त, हे माझा प्रबंध सांगणार. ऑफिसचे साहेब स्वतः म्हणाले, "आपके आँकड़ों पर ही जाएगा." ऐकून छाती दोन इंच फुगली. शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं.

१८ नोव्हेंबर

फो. नाका मी सांभाळतो. ख. नाका वामनरावांकडे. हे ऑफिसचे टाइमकीपर. वय पन्नाशीच्या पुढे, धोतर, काळा कोट, कानावर पेन्सिल. आज दुपारी तिकडे गेलो तर स्टुलावरून उठून गाडीवानाशी बोलत होते. "राम राम. लांबचा पल्ला दिसतो. माल कोणाच्या दारात उतरणार?" मग त्याच्या बैलाच्या खुराबद्दल चौकशी. मग विड्या.

मी बाजूला घेऊन सांगितलं, फॉर्मात आहे तोच प्रश्न, त्याच शब्दांत, प्रत्येकाला. हे शास्त्र आहे. म्हणाले, "साहेब, जाणाऱ्याला कुठं म्हणून विचारू नये. लोक खरं नाही सांगत." नवा सब-इंजिनियर शेजारी उभा होता म्हणून मी हिंदीत बोललो, जरा जोरात बोललो. ते "बरं" म्हणाले. पाठ फिरल्यावर काय करणार ते मला दिसतंच आहे.

२० नोव्हेंबर

गंमत आहे. माझ्या नाक्यावर दहांतले सात गाडीवान म्हणतात, "देवी को." देवीचं देऊळ नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, वेशीच्या अलीकडे. गाडीत केळीचे घड शिगोशीग भरलेले, वर ओला पाला झाकलेला. क्या माल? "दिसत नाही का?" कहाँ तक? जरा थांबून, "देवीले."

एक जण तर प्रश्न ऐकून खाली उतरला, बैलांना पाणी दाखवलं, पाच मिनिटं बसला आणि मग गेला. मी रकान्यात 'देवी' लिहिलं.

मला माहीत आहे ती केळी कुठे जातात. स्टेशनच्या मालधक्क्यावर. वॅगनमध्ये भरून दिल्लीकडे. हे बऱ्हाणपुरात पाळण्यातलं पोर सांगेल. पण सांगितलेलंच लिहायचं, स्वतःचं मत घालायचं नाही, असं पुस्तकात आहे. पुस्तकाप्रमाणे चाललो आहे.

परतीच्या गाड्या थांबवत नाही. जाणारा तोच येणारा, दोनदा कशाला विचारायचं.

२२ नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

प्रो. सकाळच्या गाडीने आले. माझे गाइड. भला माणूस, उत्तरेकडचा, डोक्यावर हॅट, हिंदी इतकी स्वच्छ की आपण बोलताना जीभ अडखळते. माझ्याजवळ स्टूल घेऊन बसले. चार गाड्या गेल्या. पाचवी वळणावर आली तेव्हा माणसाआधी बैल ओळखला मी. उजव्याचं शिंग मोडकं.

भिकामामा.

हायस्कुलात होतो तेव्हा चार वर्षं, दर सोमवारी, याच गाडीत मागे कडब्यावर बसून मी फोपनारहून शाळेला आलो. आईचं बाळंतपण, बाबांची बदली, मग बाबांचं जाणं, तेवढी सगळी वर्षं मी मामाच्या घरी होतो. मला बघून मामा जू सोडल्यासारखे खाली उतरले. "अरे दत्तू! कवा आला तू? मायनं काही सांगतलं नाही!" आणि खांद्यावर हात टाकायला पुढे. हात केळीच्या चिकाने काळे. तो डाग कपड्यावरून जन्मात जात नाही. मी मागे सरलो.

शर्टासाठी सरलो असं आत्ता लिहिणार होतो. शर्टासाठी नाही. हॅटसाठी.

मी म्हटलं, "कहाँ से आ रहे हो?"

'आप' पण नाही. 'हो'.

मामा थांबले. माझ्याकडे पाहिलं, प्रो.कडे पाहिलं. पटका नीट केला. "फोपनार से."

"कहाँ तक?"

मागच्या गाडीचा बैल फुरफुरला. मग म्हणाले, "देवी को."

माल विचारला नाही, लिहूनच टाकला. मामा गाडीवर चढले. प्रो.नी विचारलं, "पहचान का है?" मी म्हणालो, "नहीं सर, गाँव का आदमी है।" गाडी अजून हलली नव्हती. मामांना हिंदी माझ्याइतकीच कळते.

मग प्रो. म्हणाले, एवढी केळी सगळी देवीला? नवस वगैरे? मी म्हटलं, "जी." एवढाच शब्द. खरं सांगायला चार शब्द लागले असते.

२३ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. पाटी काढली.

आईने विचारलं, नाक्यावर कोणी आपल्याकडचं दिसलं का. म्हटलं, गर्दीत कोण बघतंय.

१४ डिसेंबर

घरीच लिहितो आहे. ओटीवर टेबल, आकड्यांचे तक्ते खाटेवर पसरलेले, आई त्यांच्यावरून उडी मारून जाते. प्रो.चं पत्र. पाचव्या प्रकरणावर खूश आहेत: 'बैलगाड्यांची धार्मिक वाहतूक'. म्हणतात, हे अजून कोणी मांडलेलं नाही. फक्त धार्मिक वाहतूक सणासुदीची, म्हणून रस्त्याची गरज ठरवताना तिला गुण देऊ नयेत. गुण मालाच्या वाहतुकीलाच.

गुण काढून टाकले. फो. रस्त्याची जवळजवळ सगळी केळी त्याबरोबर गेली.

अठरा पानं झाली त्या प्रकरणाची. त्यात एक आलेखही आहे. वाईट म्हणजे सुरेख झाला आहे.

९ जानेवारी

टाइप होऊन, बांधून, पाठवला. एक प्रत ऑफिसात. निष्कर्ष: खकनार रस्ता पहिला, फोपनार दुसरा. साहेबांनी हात मिळवला.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. दर वर्षी मामा तिळगूळ घ्यायला येतात. कधी चुकवत नाहीत, तापात सुद्धा आले होते एकदा घोंगडी पांघरून. काल आले नाहीत. कोणाबरोबर तरी केळीचा घड पाठवला, निरोप नाही. आई दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. "भावाला बरं नसेल का रे?"

मी घड माळ्यावर टांगला.

३ फेब्रुवारी

ऑफिसात गेलो होतो. खकनार रस्त्यावर नाल्याशी खुंट्या मारल्या. चुन्याने रेघ ओढली. फाइल भोपाळला जायची बाकी. वामनराव मस्टरवर सह्या घेत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, एक विचारू? देवीला केळी किती लागतात हो?"

शेजारचे दोन कारकून हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी



मला कळत नव्हतं असं नाही. हा मुद्दा स्वतःशी तरी साफ असावा. वामनरावांनी पहिल्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईने तर घरातून निघतानाच पाणी पाजून सांगितलं. मी त्याच गावचा, त्याच दूध-पाण्यावर वाढलेला. बाहेरचा कोणी असता तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला रीत माहीत नव्हती. मला माहीत होती आणि ती माहीत आहे हे प्रो.ना कळू द्यायचं नव्हतं. अडाणी गाडीवानांच्या समजुती ठाऊक असण्याचीच मला लाज वाटली.

दोन्ही नाक्यांचे फॉर्म पुन्हा काढले. वामनरावांचे रकाने नीट, गावांची, दुकानांची, जिनिंगची नावं. माझे: देवी, देवी, देवी.

९ फेब्रुवारी

उपाय इतका सोपा की कपाळावर हात मारला. निघालेल्याला 'कुठं' विचारायचं नाही. पण परतणाऱ्याला 'कुठून आलात' विचारायला कोणाची ना नाही. काम झालेलं असतं, गाडी रिकामी, माणूस मोकळा.

दुपारी टेबल नाही, पाटी नाही, जुन्या पँटवर नाक्याजवळच्या चिंचेखाली बसलो. पहिली गाडी. "राम राम. कुठून येणं झालं?"

"धक्क्यावरून. आज वॅगन वेळेवर लागली, देवाची किरपा."

दुसरी: धक्का. तिसरी: धक्का. चौथा म्हणाला, "तुमी तेच ना, निशाणवाले? तवा काहून येवढे तापलेले व्हते?"

देवीला जाऊन आलेला दिवसभरात एक. त्याच्या हातात नारळ होता.

१६ फेब्रुवारी

आठ दिवस पुरे. तिसऱ्या दिवसापासून वामनराव आपणहून येऊन बसायला लागले, हजेरी संपली की. मी त्यांची माफी मागितली. सरळ, मराठीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली. "लिहा, गाडी आली," म्हणाले.

बेरीज केली, ख. नाक्याच्या वामनरावांच्या आकड्यांशी ताडून. तीनदा केली. फोपनार रस्ता पहिला. थोडाथोडका पुढे नाही.

१८ फेब्रुवारी

फोपनारला जाऊन आलो. चालत गेलो, गाडीत बसायचं तोंड नव्हतं.

नाला कोरडा. काठच्या बाभळीवर पावसाळ्यातल्या पाण्याची खूण माझ्या छातीच्या वर. नाला भरून आला की गाड्या अलीकडे तीन-तीन दिवस उभ्या राहतात, केळी पिकून काळी पडतात आणि तिथेच नाल्यात ओततात. लहानपणी हे बघितलंय. तेव्हा आम्ही पोरं त्यातली बरी केळी वेचायचो आणि आम्हाला वाटायचं मज्जा आहे.

मामा ओट्यावर दोर वळत होते. मामीने पाणी आणलं. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी..."

"कोन्त्या दिवशी?"

मामी म्हणाली, "राहू द्या ना आता. पोरगं उन्हातून आलंय."

"नाही, सांगू दे त्याले. कहाँ से आया, कहाँ तक जाना, समदं सांगू दे."

सांगितलं. हॅट, शर्ट, 'गाँव का आदमी', पाचवं प्रकरण, आलेख, रपटा. मामांनी दोर खाली ठेवला नाही, पण वळणं थांबलं होतं. केळी देवीच्या नावावर गेली हे ऐकून एकदम हसले. "येवढे घड देवीले चारले तुनं? पोट दुखलं असंल तिचं." मामीही हसली. मग मामा हसायचे थांबले.

मी म्हटलं, तुम्ही तरी खरं सांगायचं होतं. कसं बोलवलं देव जाणे.

"वॅगन भेटते का नाही ह्या फिकरीत मानूस. भर रस्त्यात आडवं येऊन तू इचारतं, कहाँ तक. मंग देवाचंच नाव घेते ना मानूस. तुया मायनं शिकवलं नाही तुले?"

"शिकवलं होतं."

"अन् दुसरं सांगू? खरं तं ओळखीच्या मानसाले सांगतेत."

त्यावर मला रडू आलं. पंचविशीचा घोडा, मामीसमोर. मामा उठून बैलांकडे गेले.

निघताना गावाबाहेरपर्यंत आले. रपट्याचं काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, मी आकडे बदलून देतो. म्हणाले, "दे नाही तं नको देऊ. खकनारवाल्यांची बी लेकरं हायेत, त्यायचा बी नाला हाये. मायासाठी देऊ नको."

२० फेब्रुवारी

आईला कळलं. मामीकडून. ती स्वयंपाकघरातून आली, ओल्या हातांनी दारात उभी राहिली. "माझ्या भावाला 'कहाँ से' विचारलंस?"

मी मान खाली घातली. ती परत आत गेली. रात्रीचं ताट वाढलं, बाजूला बसली नाही.

२२ फेब्रुवारी

आई अजून बोलत नाही. पाणी ठेवते, जाते.

२५ फेब्रुवारी

नवे आकडे घेऊन साहेबांकडे. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. पहिला प्रश्न: "आपका ननिहाल उधर ही है ना, फोपनार?"

कोणी सांगितलं असेल? छोटं गाव. मी हो म्हटलं. ते काही वाईट बोलले नाहीत, चहा मागवला. एवढंच म्हणाले की मामाच्या गावासाठी आकडे फिरले असं कोणी म्हटलं तर ते माझी बाजू कशी मांडणार. पहिल्या आकड्यांवर कॉलेजच्या प्रोफेसरांची सही आहे. दुसऱ्यांवर एका टाइमकीपरची. आणि पाटी न लावता मोजलेले. कॉलेजकडून लेखी दुरुस्ती आली तरच फाइल थांबेल.

बरोबर बोलले. म्हणजे मी नाक्यावर मामा नाकारला तेव्हा माझं सगळ्यांनी खरं धरलं. आता मामा कबूल केला तर तेच खोटं ठरतं. स्वतःच्या हाताने केलेला पेच आहे, कोणाच्या नावाने बोटं मोडू?

२६ फेब्रुवारी

प्रो.ना पत्र. चार मसुदे फाडले. पाचव्यात मोजणीची चूक लिहिली, परतीच्या गाड्यांची रीत लिहिली, तक्ता जोडला. मामांचं लिहिलं नाही. लिहिलं होतं, खोडलं.

१९ मार्च

उत्तर आलं. प्रो. सभ्य माणूस, म्हणून जास्त लागलं. परतीची रीत त्यांना पसंत आहे, म्हणतात पुढे यावर वेगळा निबंध लिही. पण प्रबंध आहे तसा उत्तम आहे, बाहेरच्या परीक्षकांना विशेषतः पाचवं प्रकरण आवडलंय. ते मागे घेतलंस तर परीक्षक पहिलं हे विचारतील की चूक तुझ्या ध्यानात कधी आली. त्याला तुझ्याकडे उत्तर असलं पाहिजे. विचार कर. तोंडी परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात.

कधी आली?

सतरा नोव्हेंबरला, सकाळी, पाटावर बसून गूळ खाताना. हे उत्तर आहे. हे तोंडाने म्हणायचं म्हणजे पुढचं सगळं म्हणायचं. तुम्ही विचारलंत पहचान का है, आणि मी नहीं म्हणालो. प्रो. समोर बसलेले असणार.

हे बोललोच नाही तर काय होईल? पदवी मिळेल. नोकरी बहुधा भोपाळला. खकनारच्या नाल्यावर रपटा होईल, आणि तो काही वाया जाणार नाही, लोक त्याच्यावरून जातील-येतील. कोणाचं काय बिघडतं... पण फोपनारच्या बाभळीवरची खूण.

२८ मार्च

आई बोलली. म्हणाली, "पोळी गरम आहे, ये." आणखी नाही. पुष्कळ झालं.

नंतर पोळीवर तूप घालताना आपणहून म्हणाली, "तुझे बाबा शाळेत मास्तर होते. इन्स्पेक्टर आला की आपल्याच पोराला ओळख दाखवायचे नाहीत वर्गात. मला तेव्हा अभिमान वाटायचा." मग थांबून, "तू तिथून उचललंस का रे?"

म्हटलं, नाही आई, हे माझं स्वतःचं.

३ एप्रिल

वामनरावांनी त्यांच्या आणि माझ्या परतीच्या फॉर्मांचा गठ्ठा सुतळीने बांधून दिला. प्रत्येक कागदावर खाली त्यांची सही, तारखेसह, मोत्यासारखं अक्षर. म्हणाले, फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे, पंधरा तारखेनंतर भोपाळला जाईल. "तोवर कॉलेजचा कागद आला तर आला."

त्यांचं घर कुठल्या रस्त्याला, हे मी पाच महिन्यांत विचारलं नव्हतं. आज विचारलं. खकनारच्या अलीकडे, नाल्यापलीकडे. आईवडील अजून तिथेच. खरे आकडे बाहेर आले तर त्यांच्या दारचा रपटा हातचा जातो, आणि तरी सहा दिवस उन्हात माझ्याशेजारी बसून मोजले त्यांनी.

नमस्कार केला, वाकून. ते दचकले.

७ एप्रिल, गाडीत

खांडव्याला गाडी बदलायची आहे, तोवर लिहून घेतो. अक्षर हलतंय.

सकाळी आईने हातावर दही घातलं. शेजारच्या काकू दारात होत्या, आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या आत गेल्या. पिशवीत दोन्ही आहेत: बांधलेला प्रबंध आणि सुतळीचा गठ्ठा.

स्टेशनवर मालधक्क्याला वॅगन लागली होती. फोपनारच्या गाड्या रांगेत, पाल्याचा वास, हमालांची आरडाओरड, दोन व्यापारी छत्र्या धरून. गर्दीत मोडकं शिंग दिसलं. मी पूल चढायच्या ऐवजी सरळ तिकडे गेलो आणि लांबूनच ओरडलो, "मामा!" पाच-दहा जणांनी वळून पाहिलं. सूट घातलेला माणूस. मी त्या सगळ्यांसमोर पाया पडलो. मामांनी खांद्याला धरून उठवलं, दोन्ही हातांनी. कोटावर बोटं उमटली आहेत, काळी, पाचच्या पाच एका बाजूला. आत्ता समोर दिसताहेत.

एक व्यापारी म्हणाला, "कौन है भिकाजी?"

मामांनी मला नीट पाहिलं. मला वाटलं, आता परतफेड. म्हणाले, "माहा भाचा हाये."

मग माझ्याकडे वळून, "लांबचा पल्ला दिसते." कुठं म्हणून विचारलं नाही. मीच सांगितलं, आपणहून, गावाचं नाव घेऊन: कॉलेजला, परीक्षकांपुढे, पाचव्या प्रकरणाचं खरं सांगायला. काम बिघडतं तर बिघडू दे. मामांनी ऐकून घेतलं. मग गाडीच्या दांडीवर टांगलेला तांब्या काढला, मला तिथेच धुऱ्यावर बसवलं. "बस. पानी पेय. मंग जाय."

आगगाडीची शिट्टी झाली तरी पूर्ण प्यायलो.

आता समोरच्या बाकावर एक गृहस्थ आहेत, डोक्यावर टोपी, मांडीवर डबा. मघाशी माझ्या कोटाकडे बघून विचारलं, "कहाँ तक?" मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "किस काम से?"

डब्यातली पुरी पुढे करून ते अजून उत्तराची वाट बघताहेत.